जुन्या मॅगव्हीलला नवा साज

गेल्या दिवाळीआधी धाकट्या मुलीने घरी चार चाके आणून टाकली. तिच्या गाडीला साध्या पत्र्याच्या रिमा होत्या आणि तिला हवी होती मॅगव्हील. नवी परवडेनात, म्हणून जुन्या सामानाच्या बाजारातून कुणाच्या तरी गाडीवरून उतरलेला १४ इंची संच तिने उचलला. ‘‘बाबा, कडा तेवढ्या खरचटल्यात. तुम्ही रंग मारून द्या ना,’’ एवढे सांगून ती कामाला निघून गेली. खुर्च्या, कपाटे, सायकली रंगवण्याची माझी हौस घरात सर्वांना ठाऊक आहे. मी हो म्हणालो. रंगाचा डबा हातात घ्यायला मला नऊ दिवस लागले आणि चारांपैकी तीनच चाके तिथवर पोहोचली. ते कसे, तेच आज सांगायचे आहे.

मॅगव्हील हे नाव मॅग्नेशियमवरून पडले. शर्यतीच्या गाड्यांना एके काळी त्या धातूची चाके असत. आज आपण ज्यांना मॅगव्हील म्हणतो, ती बहुतेक सगळी अॅल्युमिनियमची. त्यात साधारण सात टक्के सिलिकॉन असते आणि मॅग्नेशियम अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अशी चाके काही कालपरवाची नाहीत. १९२४ साली फ्रान्समध्ये लियोंच्या शर्यतीत बुगाटीची ‘टाइप ३५’ गाडी ओतीव अॅल्युमिनियमच्या चाकांवर धावली होती.

या चाकाची ताकद नुसत्या धातूत नसते. लोहार कोयत्याला पाणी देतो ना, तसाच काहीसा प्रकार इथे असतो. ओतलेले चाक ५०० अंशांहून जास्त तापवतात, झटकन थंड करतात आणि मग दीडशे अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. त्याने ते कणखर होते. म्हणूनच रस्त्याकडेला गॅसची ज्योत धरून, हातोडा मारून ‘बेंड काढून’ देणाऱ्यांची मला धास्ती वाटते. लोखंड तापले की लाल होऊन तसे सांगते. अॅल्युमिनियम वितळण्याच्या बेताला आले तरी दिसायला जसेच्या तसे. ज्योतीखाली त्या जागेचे ‘पाणी’ उतरते, चाक गोल होते, पण तिथे मऊ पडते. हे डोळ्यांना कधीच दिसत नाही.

तेव्हा पहिले काम धुण्याचे. टायर मी टायरवाल्याकडून उतरवून घेतले. कडेला जुन्या लग्नपत्रिका खोचून टायरसकट रंगवणारेही आहेत आणि वरवरच्या कामाला ती युक्ती चालते. पण टायर असताना चाकाचे अर्धे अंग झाकलेले राहते आणि जे पाहायचे असते ते नेमके तिथेच असते.

धुताना एक काळजी घ्यायची. कॉस्टिक सोडा, धुण्याचा सोडा, शेगडी साफ करायची तीव्र पावडर यांतले काही वापरू नका. कुकरच्या तळाशी पाणी काळवंडू नये म्हणून आपल्याकडे लिंबाची फोड टाकतात. तिच्यामागचे शास्त्र हेच, अॅल्युमिनियमला क्षार सोसत नाही. चाकांसाठी मिळणारी काही जहाल आम्लेही टाळलेली बरी. ती हाताला आणि डोळ्यांना घातक असतात. गाडी धुण्याचा शाम्पू, कोमट पाणी, जुना दात घासायचा ब्रश आणि भरपूर वेळ, बस. आत बसलेली काळी पूड ही ब्रेकची. डिस्क झिजून उडालेले लोखंडाचे गरम कण रंगात रुतून बसतात, ते नुसत्या घासण्याने जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे द्रावण मिळते. ते फवारले की लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतात. बघायला मोठी गंमत वाटते, पण त्या वासाने सौभाग्यवतींनी मला गॅलरीतून थेट गच्चीवर पिटाळले.

धुतल्यावर तीन चाके आतून राखाडी, जुनाट निघाली. चौथे मात्र आतल्या कडेजवळ वीतभर लांबीत चांगले चकचकीत होते. मला ते खटकले. चाकाची आतली बाजू कुणाला दिसते? तिथे हौसेने रंग कोण मारील?

माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो. मीही चाक दोरीला टांगून लाकडी मुठीने वाजवले. चारही सारखीच वाजली. माठाची परीक्षा चाकाला पुरत नाही, हे तेव्हाच कळले. मग जुना उपाय केला. विलायतेत रेल्वेच्या कारखान्यांत इंजिनांचे आस तपासायला तेल आणि खडूची पूड वापरत असत. तो रंग खरवडून मी धातू उघडा केला, त्यावर रॉकेल चोपडले आणि अर्धा तास तसेच ठेवले. (रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलही चालते.) मग कोरड्या फडक्याने पुसून लख्ख केले आणि फळ्यावरच्या खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ हात दिला. स्पिरिट उडून गेले, पांढरा थर राहिला. दहा-पंधरा मिनिटांत त्या पांढऱ्यावर एक ओलसर काळी रेघ उमटू लागली. कडेपासून निघून दोन इंच आत गेलेली, केसासारखी.

तडा होता. भेगेत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येऊन खडूत झिरपते, म्हणून ही रेघ दिसते. हा उपाय ढोबळ आहे. पृष्ठभागावर न उघडणारी भेग त्याला सापडत नाही, त्यामुळे रेघ आली नाही म्हणजे चाक निर्दोष ठरले असे समजू नये. पण रेघ आली तर मात्र शंका उरत नाही. आतली कड आऱ्यांपासून लांब असते, तिला आधार कमी. खड्ड्याचा दणका बसला की तीच आधी वाकते किंवा तडकते. गाडीला लागलेल्या चाकाची हवा दर आठवड्याला उतरत असेल आणि पंक्चर सापडत नसेल, तर तिथे एकदा बघायला हवे.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, ‘‘वेल्डिंग करून नाही का चालणार? बाजारात तर करून देतात.’’ देतात, हे खरे. पण वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या दोन्ही बाजूंचे ‘पाणी’ उतरते आणि पुढचा तडा बहुधा सांध्याशेजारीच जातो. महामार्गावर ताशी शंभरच्या वेगात ते चाक दगा देईल तेव्हा गाडीत ती असणार होती. मी नाही म्हटले. दोन दिवस अबोला झाला.

उरलेल्या तीन चाकांचे काम तसे सोपे, फक्त चिकाटीचे. कडेचे ओरखडे आधी कानशीने सपाट केले. नखाला लागतील एवढेच, खोल खड्डे उकरायचे नाहीत. मग वॉटर पेपर, २४०, ४०० आणि शेवटी ६०० नंबरचा. पाणी लावून घासले की धातूची पूड नाकात जात नाही. जुन्या लॅकरखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा दिसतात, तो अॅल्युमिनियमचा गंज. समुद्रकाठच्या गाड्यांत तो जास्त आढळतो. त्यावर नुसता रंग मारला तर तो खालून पसरतच राहतो. निरोगी धातू लागेपर्यंत तेवढा भाग सोलून काढावा लागतो. राहिलेल्या बारीक खाचांत गाडीसाठीची पुट्टी भरली.

इथे एक सांगायला हवे. ज्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर कापून रेकॉर्डच्या तबकडीसारखा चमकवलेला असतो, त्यांची ती चमक घरी परत येत नाही. ती घासली की मग रंगवणे एवढाच मार्ग.

रंगाआधी शेवटचा हात थिनरचा, आणि नंतर उघड्या बोटांनी चाकाला शिवायचे नाही. अॅल्युमिनियमला हवेत क्षणात ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि साधा प्राइमर त्यावर नीट धरत नाही, म्हणून या धातूचाच प्राइमर मागून घ्यावा. स्प्रेचा डबा वीतभर अंतरावर, हात सतत हलता आणि थर पातळ. पहिला हात मारल्यावर खालचा रंग दिसलाच पाहिजे. एकदम झाकायला गेलो की ओघळ आलाच. प्राइमरचे तीन, रंगाचे तीन, लॅकरचे तीन हात मी दिले, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटे सोडून. पावसाळी हवेत हा उद्योग करू नये, लॅकर दुधासारखे पांढुरके होते. हार्डनर मिसळायचे दुहेरी लॅकर जास्त टिकते, पण त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते आणि आपला कापडी मास्क त्याला अडवत नाही. ते काम गॅरेजवाल्याच्या रंगखोलीतच झालेले बरे.

दोन जागी मात्र रंग चुकूनही जाऊ द्यायचा नाही. नट बसतात त्या वाट्या आणि चाक हबला टेकते तो मागचा सपाट भाग. तिथला रंग नटाच्या दाबाने चेपतो, नट सैल पडतात. त्या जागा मी मास्किंग टेपने झाकल्या होत्या. टायर चढवल्यावर बॅलन्सिंग करून घेतले. नट समोरासमोरचे असे आलटून पालटून, पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळले आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले.

पण हे नंतरचे. तेव्हा गाडीला तीनच चाके तयार होती. चौथे भंगारवाला न्यायला आला, आणि माझ्या मनात आले, हे चाक त्याच्याकडून पुन्हा त्याच बाजारात जाईल. कुणीतरी पुन्हा चकचकीत रंग मारील, कुणाची तरी मुलगी ते घेऊन जाईल. त्याला बसवून ठेवले, चहा दिला आणि हॅकसॉने ती कड दोन ठिकाणी आरपार कापली. दोन पाती मोडली. भाव वजनावरच होता, त्याला काही फरक पडला नाही.

जोडीचे चाक शोधायला दोन महिने गेले. सापडले तेव्हा आम्ही दोघे गेलो. मागच्या बाजूला कोरलेले माप जुळवले, नटांच्या भोकांचे अंतर जुळवले. मग मुलीने पर्समधून रॉकेलची बाटली आणि खडूची पूड काढली. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, चाक घेताय की पूजा मांडताय?’’ ती म्हणाली, ‘‘अर्धा तास थांबावं लागेल, काका.’’ आणि स्टूल ओढून बसली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)