भंगारातून पहिलं शिल्प

हैदराबादेत भोलकपूरच्या भंगार गोदामांत गिअरची चाकं, बेअरिंग, सायकलच्या चेन ढिगांनी दिसतात. मोह आवरा, पहिल्या शिल्पासाठी साधं पोलादच निवडा. खिशात चुंबक ठेवा. पितळ, अ‍ॅल्युमिनियम त्याला चिकटत नाही. बीड चिकटतं, पण साध्या वेल्डिंग रॉडने जोडलं तर थंड होताना अनेकदा तडकतं. ग्राइंडर टेकवून बघा: बिडाच्या ठिणग्या आखूड, तांबूस; पोलादाच्या लांब, पिवळसर. जस्ताचा मुलामा असलेला तुकडा घेऊच नका, त्याच्या धुराने थंडीताप भरतो. बंद डबे आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तापून फुटू शकतात.

मुंबईच्या पिलू पोचखानवाला (1923–1986) यांनी अशाच टाकाऊ धातूतून शिल्पं घडवली. त्यांचं काम आधी जरूर पाहावं. तुकड्यांमधली मोकळी जागाही शिल्पाचाच भाग असते, हे डोळ्यांना कळतं.

मग गंज, रंग, तेल घासून काढा. 6013 जातीचा 2.5 मिमीचा रॉड आणि साधारण 70 ते 80 अँपिअर पुरे. 10 किंवा 11 नंबरची काच असलेल्या मुखवट्याशिवाय ठिणगी पाडू नका. आधी सगळीकडे नुसते टाके मारा. आकृतीची मान वळवायची, पाय सरकवायचा तो आत्ताच. पक्के जोड नंतर, आलटूनपालटून. एकाच बाजूने भरत गेलात तर उष्णतेने आकृती वाकते.