पाल्याचा अपराध, पालकाचे उत्तरदायित्व

दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या हाती दुचाकीची किल्ली ठेवणे हे वात्सल्याचे लक्षण होय, अशी समजूत आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात दृढ होत चालली आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी वा पुलगाव येथे शिकवणीचे वर्ग सुटण्याच्या वेळी रस्त्यावर उभे राहावे, म्हणजे या वात्सल्याचा विस्तार ध्यानी येतो. मिसरूडही न फुटलेली मुले एकेका गाडीवर तिघे-तिघे बसून भरधाव जातात. आणि ती गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते.

कायदा या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावाचून वाहन चालविता येत नाही. सोळाव्या वर्षापासून जी सवलत आहे ती 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरतीच. आज घरोघर दिसणाऱ्या स्कूटरींची इंजिने त्याच्या दुपटीहून मोठी असतात. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम घालण्यात आले. त्यानुसार अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्यास 3 वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

परंतु या कलमाची महाराष्ट्रास खरी ओळख झाली ती 2024 च्या मे महिन्यात. पुण्याच्या कल्याणीनगरात 19 मे रोजी, सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप असलेल्या मोटारीने एका तरुणाचा व एका तरुणीचा बळी घेतला. त्या मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळणार नाही, असे परिवहन खात्याने त्यानंतर जाहीर केले. निर्णय उचितच होता. तथापि, ज्या कलमाचे स्मरण चिता पेटल्यावर होते, त्याचा जिवंतांस उपयोग तो काय?

आमच्या मते याचे एक कारण या शिक्षेच्या स्वरूपातच आहे. प्रथमच पकडला गेलेला मुलगा आणि कोणाचा जीव घेणारा मुलगा, दोघांनाही पंचविशीची एकच फूटपट्टी लागू होते. श्रीमंताच्या मुलास परवाना नसला तर घरी चालक ठेवता येतो. समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातील शेतकऱ्याच्या सोळा वर्षांच्या मुलाची मात्र नऊ वर्षांची रोजीच बुडते. शिक्षा अशी विषम असली, की ती लावणाऱ्याचा हात कचरतो आणि प्रकरण किरकोळ दंडावर मिटते. यास्तव संसदेने या कलमात पायऱ्या घालाव्यात. पहिल्या निरुपद्रवी अपराधास परवाना एक-दोन वर्षे लांबणीवर पडावा. पण तो निरपवाद पडावा. कोणास इजा करणाऱ्यास पंचविशीची अट आहे तशीच राहावी.

मुलांनी शाळेत जावे तरी कसे, हा प्रश्न रास्त आहे. ग्रामीण विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास मिळतो. पण शिकवणीच्या वेळेस गाडीच नसेल तर पास घेऊन काय करायचे? एस.टी. महामंडळ व शाळा यांनी वेळापत्रकांचा मेळ घालणे हे शासनाचे कर्तव्यच होय. शहरात राहणाऱ्यांस मात्र ही सबब नाही. त्यांच्यासाठी सायकल अद्याप उपलब्ध आहे.

1936 पासून ज्यांनी या जिल्ह्यास आपले घर मानले, त्या गांधीजींनी 1913 साली दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमात दोन आश्रमवासीयांच्या स्खलनाबद्दल स्वतः सात दिवस उपवास केला होता. आपल्या छत्राखालील व्यक्तीच्या पतनास पालक वा शिक्षक या नात्याने आपणही काही अंशी उत्तरदायी आहोत, ही त्यांची धारणा होती. 199-अ कलमाचा आशयही तोच आहे. वर्ध्याच्या पालकांकडून उपवासाची अपेक्षा कोणी करीत नाही. किल्ली खिशातच ठेवण्याइतका संयम मात्र त्यांनी दाखवावा.