पंचनाम्यात न आलेली जखम

कुकरची शिट्टी झाली, की आमचे हे ताटावरून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. हात धुवायचंही भान नसायचं. मला वाटायचं, भाजीत काही कमी पडलं असेल. सासूबाईंना वाटायचं, सूनच काहीतरी टोचून बोलली असेल. शिट्टीचा आणि त्या उठण्याचा काही संबंध आहे, हे लक्षात यायला आम्हाला सात महिने लागले. त्या सात महिन्यांबद्दल आज लिहिते आहे. ज्या मैत्रिणींच्या घरचा माणूस हायवेवर असतो, त्यांच्यासाठी मुद्दाम.

आम्ही रावेर तालुक्यातले. आमच्याकडे केळी, आणि केळी म्हटली की ट्रक आलेच. यांनी बावीस वर्षं दिल्लीची लाइन केली. बऱ्हाणपूर, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा करत आझादपूरची मंडी. अकराशेच्या आसपास किलोमीटर. माल नाशवंत. गाडी उशिरा पोचली की भाव पडतो आणि भाडं कापलं जातं. त्यामुळे कधी झोपायचं हे ड्रायव्हरच्या हातात नसतं, ते मंडीच्या हातात असतं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाचे दिवसाला आठ तास ठरवले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता आल्या, त्यातही आठच तास आहेत. मी हे यांना वाचून दाखवलं तेव्हा ते बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले.

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. ग्वाल्हेरच्या अलीकडे पहाटेचं दाट धुकं होतं. उलट्या बाजूने आलेली मोटारसायकल यांच्या गाडीखाली आली. चालवणारा विशीतला मुलगा होता, तो गेला. मला फोनवर एवढंच कळलं, "गाडी ठोकली. मी ठीक आहे. आईला सांगू नकोस."

पंचनामा झाला. त्यात बंपर आला, फुटलेली काच आली, रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा आल्या. विमावाल्याने फोटो काढले. शेठचा फोन आला, त्यांचा पहिला प्रश्न होता, "माल दुसऱ्या गाडीत भरला का?" या माणसाला काय झालं, हे कोणीच विचारलं नाही. अंगावर साधं खरचटलेलंसुद्धा नव्हतं ना! दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? मीही देवापुढे साखर ठेवली आणि हात जोडून मोकळी झाले. जामिनाचं वगैरे आटोपून पंधरा दिवसांत हे परत स्टिअरिंगवर बसले.

मग घरात एकेक गोष्ट बदलत गेली. मुलाने फुगा फोडला म्हणून त्याच्यावर हात उगारला. बावीस वर्षांत कधी मुलांना "अरे" म्हटलं नव्हतं. वर्षात होळीलाच घ्यायचे, ते आता घरी असले की रोज घ्यायला लागले. म्हणायचे, "त्याशिवाय डोळा लागत नाही." मोटारसायकलवर मागे बसायचं म्हटलं तरी अंगाला घाम. आणि गोधडी! गोधडीची पायाकडची शिवण दर मुक्कामाला उसवायची. मी टाके घालायचे, ती परत उसवायची. एका रात्री जागी राहून पाहिलं. झोपेत उजवा पाय ताठ करून हे ब्रेक दाबत होते.

सासूबाई म्हणाल्या, "अपघाताच्या जागचं काहीतरी अंगाला लागलंय." उतारा झाला, लिंबू झाले, एका भगताकडे दोन गुरुवार झाले. मी त्यांना दोष देत नाही. लेकराचं काहीतरी बिघडलंय हे त्या माउलीला माझ्याआधी कळलं होतं. काय बिघडलंय, त्याला शब्द मात्र आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता.

जुलैमध्ये एका रात्री यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझा विमा किती येईल गं?" मी म्हणाले, "काहीतरीच काय बोलता!" आणि विषय उडवून लावला. पण ते वाक्य माझ्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं.

मी अंगणवाडी सेविका आहे. त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आमची मीटिंग होती. भिंतीवर कागद चिकटवलेला होता, टेलिमानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने सुरू केलेली ही फोनसेवा. पैसे पडत नाहीत आणि रात्री-बेरात्रीही फोन लागतो. दुसऱ्या दिवशी पोरं खिचडी खाऊन घरी गेली आणि मी अंगणवाडीचं दार लोटून घेऊन फोन लावला. पलीकडची बाई मराठीत बोलत होती, एवढ्यानेच मला रडू आलं. तिने एकेक विचारलं. झोप कशी आहे? तो प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटतं का? आवाजाने दचकतात का? आणि मग, जिवाचं बरंवाईट करण्याविषयी कधी बोलले का?

मी विम्याचं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट माणसाला बोलायला जागा मिळते. आणि त्यांना एकटं ठेवू नका."

त्या रात्री ओट्यावर मी विचारलं. पाय लटपटत होते माझे. "अहो, मरायचं मनात येतं का तुमच्या?" बराच वेळ हे गप्प. मग म्हणाले, "तो पोरगा जिवंत होता गं. हात हलवत होता. पाणी मागत असेल. माझ्या कॅबिनमध्ये पाच लिटरचा कॅन भरलेला होता. धुक्यातून लोकांचा आरडाओरडा ऐकू आला आणि मी शेतातून पळालो. तासाभराने ठाण्यात स्वतः जाऊन उभा राहिलो. पण पाणी नाही दिलं मी."

सात महिने हा माणूस ते पाणी उरात घेऊन गाडी चालवत होता. मोटारसायकल उलट्या बाजूने आली होती, हे कागदावर आहे. पाण्याचं कुठेच नाही.

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टरांनी यांना नीट समजावलं. भयंकर प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे कोणालाही होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही तेच चालू राहिलं, प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिला, माणूस त्या आठवणी टाळायला लागला, चिडका झाला, आपल्याच माणसांपासून तुटला, तर तो आजार समजायचा. आघातानंतरचा मनाचा आजार. त्याला औषध आहे, आणि त्याच्या जोडीला बोलून करायचे उपचार आहेत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मनाने बंद करायच्या नाहीत. दारू मात्र बंद, कारण तिने झोप लागल्यासारखी वाटते आणि आजार वाढतो. हे सगळं ऐकून यांनी एकच विचारलं, "म्हणजे मी येडा नाही ना?"

पहिले दोन महिने मी शेजारी सांगायचे, "शुगर तपासायला जातो." नंतर सांगणं सोडून दिलं आणि खरं बोलायला लागले. तेव्हा आमच्याच गल्लीतल्या दोघी संध्याकाळी हळूच येऊन बसल्या. एकीचा भाऊ, एकीचा नवरा. दोघेही गाडीवर.

जानेवारी २०२४ मधला ड्रायव्हरांचा संप आठवत असेल तुम्हाला. पेट्रोल पंपावर रांगा लागल्या होत्या. अपघात करून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या कलमावरून तो झाला. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. त्या दिवसांत आमच्याकडे आलेले एक पाहुणे टीव्ही बघत म्हणाले, "पळतातच कसे हे लोक? माणुसकी नाही." हे कोपऱ्यात बसले होते. माझ्या पोटात गोळा आला. पण हे शांतपणे म्हणाले, "जमाव गाडी जाळतो दादा, ड्रायव्हरला मारतो. म्हणून पळतो. पण पळालेला माणूस घरी पोचत नाही." पाहुणे गप्प झाले. मला कळलं, औषध लागू पडतंय. हे बोलायला लागले होते.

आता हे लांबची गाडी चालवत नाहीत. शेतातून केळी आणायला पिकअप चालवतात, कमाई निम्मी झाली. मोठ्या मुलीचं कॉलेज माझ्या मानधनावर आणि शिलाईवर चाललं आहे. कधीकधी ओढाताण होते, भांडणंही होतात. पिकअपमध्ये मात्र दोन कॅन असतात पाण्याचे, रोज भरलेले. मी त्याबद्दल कधी काही विचारत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून नव्याने बनणाऱ्या ट्रकच्या कॅबिनला एसी सक्तीचा झाला. चांगलंच झालं. शरीराला गारवा मिळेल. पण अपघातानंतर गाडी गॅरेजला जाते, तसा ड्रायव्हरही कुठेतरी जायला हवा, हे अजून कोणा शेठच्या हिशेबात नाही. तो हिशेब तूर्त आपल्यालाच ठेवावा लागेल. सतरा-अठरा तास सलग जागा असलेला माणूस दारू प्यायल्यासारखा मंदावतो, म्हणून "लवकर या" असा फोन करू नका. अपघात झाला नसेल, नुसता डोळ्यांनी पाहिला असेल, तरी मनावर त्याचा घाव बसतो. घरी आलेला माणूस विनाकारण चिडला तर रागवायच्या आधी जरा थांबा. महिना झाला तर दवाखाना गाठा. आणि मरणाची भाषा कानावर आली तर महिनाही थांबू नका.

गाडीवरून माणूस आला की आपण विचारतो, "जेवलात का?" मग विचारतो, "किती मिळाले?" या दोन प्रश्नांच्या मध्ये एक प्रश्न घालायला मी शिकले, जरा उशिराच शिकले. "झोप लागते का हो?" एवढंच. आणि मग उत्तराची वाट बघत बसायचं.

गोधडीची शिवण अजूनही उसवते, थंडीत जास्त. मी टाके घालते. आता हे सुईत दोरा ओवून देतात.