हाफ-ट्रॅकचा रंग खरवडण्याआधी

परवा बदलापूर लोकलमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, तुझी ती पीएचडी कशावर आहे म्हणालीस?"

"गंजावर."

"लोखंडाच्या? मग त्यात काय एवढं! घासायचं, रेड ऑक्साइड मारायचा, वरून ऑइल पेंट."

अंबरनाथ ते बदलापूर एवढ्या वेळात मला काही धड उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट. उदाहरणाला घेतेय दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हाफ-ट्रॅक गाड्या, कारण "घासून रंगवा" आणि "हात लावू नका" हे भांडण त्यांच्याबाबतीत अगदी उघड दिसतं.

ते युद्ध आपल्यापासून तसं लांब नाही. उल्हासनगर म्हणजे मुळात त्याच युद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्या बराकींमध्ये आले, १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं, आणि पत्त्यात "कॅम्प नंबर चार" अजून आहेच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी तेव्हा इटलीत जर्मनांशी लढत होत्या. यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माझे पणजोबाही इटलीत होते. त्यांचं पुढे सांगते.

आधी हाफ-ट्रॅक म्हणजे काय ते. पुढे ट्रकसारखी चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे. भातखाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतात ना, विचार तोच: वजन जास्त जागेवर पसरलं की गाडी रुतत नाही. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये (१९९४ पासून आहे, जरूर जा) जर्मन ८८ मिलिमीटरची तोफ आहे. ती चिखलातून ओढायला क्राउस-माफाई कंपनीने बनवलेला हाफ-ट्रॅक असायचा. सैनिक नेणारी चिलखती २५१ नंबरची गाडी सगळ्यांत जास्त बनली, सुमारे १५,०००.

जर्मनांनी यात एक हौस केली. मागची चाकं एकमेकांत गुंतवून बसवली, पत्ते पिसताना एकात एक सरकतात तशी. चाल मऊ, भार सारखा वाटलेला. पण आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची आधी काढा! पट्ट्याच्या प्रत्येक सांध्यात बारीक सुईसारखे बेअरिंग आणि ग्रीस, वर रबराचे तुकडे. म्हणजे गाडी ऐंशी वर्षं उभी राहिली की काय होणार बघा: ग्रीस सुकतं, सील फाटतं, पाणी आत शिरतं, पिन आतल्या आत गंजून धरते. रबर हवेतल्या ओझोनने तडकतं. बाहेरून गाडी ठणठणीत, आतून जाम. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागतं, आणि मीठ असेल तर त्याच्या खालीच. नगरच्या कोरड्या हवेत लोखंडाला श्वास घेता येतो. आमच्याकडे जूनपासून खिडकीचे गज सुद्धा फुगतात.

आता खरी गंमत. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने हीच २५१ पुन्हा बनवली. नाव ओटी-८१०, १९५८ ते १९६२, सुमारे १,५००. इंजिन टाट्राचं डिझेल, डोक्यावर चिलखती छप्पर, पट्टे साधे, बिनग्रीसचे. तिथले सैनिक वैतागून तिला "हिटलरचा सूड" म्हणायचे. पुढे यातल्या बऱ्याच गाड्या सिनेमावाल्यांनी आणि हौशी लोकांनी घेतल्या, छप्पर कापलं, जर्मन रंग दिला. युद्धपटात दिसणारी २५१ अनेकदा हीच असते. (उल्हासनगरच्या "मेड इन यूएसए"ची आठवण झाली असेल तर माझाही नाइलाज आहे.) मला यात फसवणूक वाटत नाही, पाटीवर खरं लिहिलं की झालं. पण छप्पर कापलं तेव्हा चेक गाडीचा इतिहासही गेला आणि जर्मन इतिहास काही आला नाही. ओटी-८१० ही पण एका सैन्याची खरीखुरी गाडी होती, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

मग अस्सल कशी ओळखायची? इथे माझा विषय सुरू होतो. रंगाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घ्यायचा, रेझिनमध्ये बसवायचा, कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. झाडाच्या वलयांसारखे थर दिसतात. जर्मन सैन्याने फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद राखाडीऐवजी गडद पिवळा मूळ रंग ठरवला. पिवळ्याखाली राखाडी सापडला तर गाडी बहुधा त्याआधीची. मध्येच कुठे पलटणीची खूण, कुठे पकडून नेणाऱ्याचा हिरवा. सँडब्लास्टिंग केलं की हे सगळं दहा मिनिटांत जमिनीवर, धुळीत. गाडी चकचकीत होते आणि मुकी होते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. पणजोबांची लोखंडी पेटी आमच्या माळ्यावर होती. कॉलेजला असताना मीच ती एका वर्कशॉपमध्ये नेऊन ब्लास्ट करून आणली, वरून छान काळा रंग. घरी आणल्यावर आजी म्हणाली, "झाकणावर त्यांचा नंबर होता ना गं?" होता. हिरव्या रंगाखाली, पांढऱ्या अक्षरांत. तो नंबर दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता, आणि त्याच्याशिवाय त्यांची लष्करी नोंद शोधायची कशी हे मला आजही उमगलेलं नाही.

तर काकू, उत्तर असं: घासायच्या आधी थांबायचं. सुटा गंज मऊ ब्रशने काढायचा. घट्ट बसलेल्या गंजावर टॅनिक आम्ल लावलं की त्याचं निळसर काळं, स्थिर संयुग होतं. पूर्वी हिरडा आणि लोखंड घालून शाई करायचे, रसायन तेच. वर मेण. चालती ठेवायची असेल तर पट्ट्याच्या पिना, सील, रबर बदलावंच लागतं. ते बदला, पण काढलेला भाग फेकू नका, कुठला कुठून काढला ते लिहून ठेवा. ब्लास्टिंगही कधी कधी अटळ असतं, पत्रा चाळणी झाला असेल तर. मात्र त्याआधी फोटो आणि थरांचे नमुने घ्यायचेच.

पेटी आता माझ्या खोलीत आहे. ब्लास्टिंगवाल्याने आतली बाजू सोडली होती. गेल्या महिन्यात टॉर्च तिरका धरून पाहिलं, तर झाकणाच्या आत रंगाखाली दोन आकडे उठून दिसतात, एक सात आणि बहुधा तीन. आईचं चालूच आहे, आतून पण एक हात मारून घे म्हणून.