लाईट गेली की फायबर तुटली? चोपड्यातल्या मशीनला कसं कळतं

समजा, लासूर ग्रामपंचायतीचं इंटरनेट बंद पडलं. चोपड्याहून माणूस पाठवायचा, की लाईट यायची वाट बघायची? अंदाज चुकला तर फेरी फुकट, आणि गावात दाखले अडलेलेच.

भारतनेटच्या मूळ रचनेत तालुक्याला ओएलटी नावाचं मशीन असतं आणि पंचायतीत ओएनटीचा छोटा डबा. आपला डेटा ज्या फायबरवरून जातो, त्याच फायबरवरून ओएलटी या डब्यावर लक्षही ठेवतं. हे काम थरांत वाटलेलं आहे. तळाला प्लोम: डब्याची ओळख, अंतर, तातडीचे इशारे. त्यावर ओएमसीआय: पोर्ट, वेग, सॉफ्टवेअर. ओएलटीपासून कंट्रोल रूमपर्यंत बहुधा एसएनएमपी.

लाईट गेली, बॅटरीही उतरली, की डब्यातल्या कपॅसिटरमध्ये जेमतेम क्षणभराची वीज उरते. तेवढ्यात तो एक निरोप पाठवतो. त्याचं नाव खरोखरच 'डाइंग गॅस्प', म्हणजे शेवटचा श्वास! जीपॉनमध्ये हा निरोप तळाच्या थरातून जातो. वरच्या थरात सवाल-जवाब करायला तेव्हा वेळ कुठे?

जेसीबीने फायबर तोडली तर निरोपाला रस्ताच उरत नाही. प्रकाश एकदम गायब होतो. म्हणजे श्वास आला तर वीज, नाही आला तर बहुतेक फायबर. एका स्प्लिटरवरची सगळी गावं एकदम गप्प झाली, तर शोध सामाईक केबलवर.

गोची एकच: लाईट गेल्यानंतर फायबर तुटली, तर लाईट परत येईपर्यंत ओएलटीला पत्ताच लागत नाही.