तापलेल्या तारेशिवाय एक्स-रे

पावसाळ्यात एक आजोबा नातवाचा हात धरून दवाखान्यात आले. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप. छातीचा फोटो काढून या, असे मी सांगितले, तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तालुक्याला जायचं म्हणजे मजुरी बुडाली अन् एस.टी.चं भाडं वेगळंच. बाटलीतलं औषध द्या की." दोन महिन्यांनी आले ते थुंकीत रक्त पडू लागल्यावर. क्षयच होता.

यंत्रच रोग्याच्या दारी नेता आले तर? हातात धरण्याजोगी यंत्रे आता निघाली आहेत. डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत ती वापरली गेली. पण बहुतेक यंत्रांच्या नळीत अजून 1913 सालची कूलिज यांचीच युक्ती असते. टंगस्टनची तार दोन हजार अंशांवर तापवायची, म्हणजे तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते धातूवर आदळले की क्ष-किरण निघतात.

ही तार तापवावी लागू नये म्हणून शास्त्रज्ञ कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांकडे वळले. जपानचे इजिमा यांनी 1991 मध्ये त्यांचे वर्णन केले. केसाहून हजारो पटींनी बारीक! टोक इतके अणकुचीदार, की नुसता विजेचा दाब दिला तरी तो सगळा टोकाशी एकवटतो आणि थंड नळीतूनच इलेक्ट्रॉन सुटतात. 1995 मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी अशा नळ्यांच्या पातळ पडद्यावर हे दाखवले. रबरासारख्या पदार्थावर बसवलेले पडदे तर ताणले तरी वीज वाहून नेतात, कारण नळ्या पिंजलेल्या कापसासारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. अशा लवचिक पडद्यांतून इलेक्ट्रॉन काढण्याचेही प्रयोग झाले आहेत. मात्र पडदा निर्वात नळीतच ठेवावा लागतो. अंगाला गुंडाळून फोटो काढता येईल, असे कोणी समजू नये.

फायदा असा की, किरण क्षणात सुरू, क्षणात बंद. धडधडत्या हृदयाचा फोटो कमी पुसट येतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात असे अनेक स्रोत ओळीने बसवून, नळी न फिरवता स्तनाचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेणारे यंत्र तयार झाले.

थंड म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र नाही. किरण तेच. गरोदर बाईने फोटोआधी सांगायलाच हवे.

आजोबांचा सहा महिन्यांचा औषधोपचार चालू आहे. परवा मी न सांगताच नातवालाही तपासायला घेऊन आले होते.