परदेशात घटस्फोट : कागदावर शिक्का कोणाचा हवा?

कोकणपट्टीतून, मुंबई-भिवंडी-मालेगावातून आखाती देशांत गेलेल्या आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे. कोणी सुतार, कोणी वेल्डर, कोणी शिंपी, कोणी स्वतःचे दुकान थाटलेले. परदेशी जाताना व्हिसा आणि कराराची कागदपत्रे आपण काळजीने पाहतो. परंतु संसारात दुर्दैवाने तेढ आली आणि प्रकरण तिथल्या न्यायालयात गेले, की निकाहनाम्यावर पुरेसे शिक्के नाहीत म्हणून अर्जच अडतो. उलट, तिथे मिळालेला घटस्फोटाचा निकाल इथे आणला तर त्याला नुसत्या कागदाची किंमत उरते. अशा स्त्रीचा दुसरा निकाह अडतो, पुरुषाच्या बँक खात्याचा, दुकानातील भागीदारीचा व वारसाचा प्रश्न लोंबकळत राहतो. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे. उदाहरण संयुक्त अरब अमिरातीचे, म्हणजे दुबई-अबूधाबी-शारजा यांचे घेऊ.

शिक्का कशाची साक्ष देतो?

प्रथम एक गैरसमज दूर करू. मंत्रालयाचा किंवा वकिलातीचा शिक्का कागदातील मजकूर खरा असल्याची हमी देत नाही. खालची सही आणि मोहोर अधिकृत माणसाचीच आहे, एवढेच तो सांगतो. दुबईच्या न्यायाधीशाला चिपळूणच्या निबंधकाची सही ओळखता येत नाही. म्हणून निबंधकाची सही राज्य शासन ओळखते, राज्य शासनाची सही केंद्राचे परराष्ट्र मंत्रालय ओळखते, मंत्रालयाची सही अमिरातीची वकिलात ओळखते आणि वकिलातीची सही अमिरातीचे स्वतःचे परराष्ट्र मंत्रालय ओळखते. ही साखळी आहे. मधली एक कडी गळाली तर पुढचा अधिकारी कागद परत करतो.

ही साखळी लहान करण्यासाठी १९६१ साली हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात सामील देशांमध्ये 'अपोस्टिल' नावाचे एकच प्रमाणपत्र पुरते, वकिलातीचा फेरा वाचतो. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे. आखाती देशांपैकी ओमानमध्ये २०१२ पासून, बहरीनमध्ये २०१३ च्या अखेरीपासून आणि सौदी अरबमध्ये डिसेंबर २०२२ पासून तो लागू झाला. अमिराती, कतार आणि कुवेत मात्र त्यात नाहीत. म्हणून मस्कतला चालणारा अपोस्टिल दुबईत चालत नाही. एजंटाला पैसे देण्यापूर्वी कागद कोणत्या देशासाठी हवा आहे, हे स्पष्ट सांगावे.

इथला कागद तिथे नेताना

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातील एक जोडपे दुबईत राहते व तिथे घटस्फोटाचा अर्ज करायचा आहे. पहिली गरज लग्नाच्या पुराव्याची. काझीसाहेबांच्या वहीतील उर्दू निकाहनामा शरियतदृष्ट्या पूर्ण असतो, पण पुढची साखळी सरकारी सहीपासून सुरू होते. त्यासाठी महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून मिळणारे नोंदणी प्रमाणपत्र हाताशी असावे. हा कायदा सर्वधर्मीयांना लागू आहे. त्यानंतर क्रम असा :

१) राज्य शासनाने नेमलेल्या विभागाकडून मूळ प्रमाणपत्राचे साक्षांकन.

२) परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन. मंत्रालय २०१२ पासून व्यक्तींकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेते. २०१९ पासून हे काम दिल्लीबाहेरील कार्यालयांतही होते, तेव्हा दिल्लीवारीच्या नावाखाली कोणी जादा रक्कम मागितल्यास सावध राहावे.

३) अमिरातीच्या दिल्लीतील वकिलातीचा किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावासाचा शिक्का.

४) अमिरातीत पोहोचल्यावर तेथील परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का.

५) शेवटी, तेथील न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. हे शेवटीच करावे, म्हणजे सर्व शिक्क्यांचेही भाषांतर होते. भारतात करून नेलेले अरबी भाषांतर तिथे सहसा स्वीकारले जात नाही.

पती किंवा पत्नी भारतात असेल आणि तिथे वकील नेमायचा असेल, तर मुखत्यारपत्रालाही हीच वाट आहे. नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर ते चालत नाही.

तेथील न्यायालयात घटस्फोटापूर्वी कौटुंबिक समुपदेशन विभागात समेटाचा प्रयत्न होतो. मुस्लिम दांपत्यांसाठी अमिरातीचा नवा व्यक्तिगत कायदा एप्रिल २०२५ पासून लागू आहे. त्यानुसार पतीने न्यायालयाबाहेर तलाक दिल्यास त्याची नोंद १५ दिवसांच्या आत न्यायालयात करावी लागते. आपल्या देशाचा कायदा लावावा, अशी मागणी परदेशी नागरिक करू शकतो. मात्र त्या कायद्याचा मजकूर साक्षांकित व भाषांतरित स्वरूपात त्यालाच सादर करावा लागतो.

तिथला निकाल इथे आणताना

आता उलटी वाट. न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत घ्यावी व निकाल अंतिम झाल्याची नोंद तिच्यावर असावी. त्यानंतर तेथील न्याय मंत्रालय, तेथील परराष्ट्र मंत्रालय, परवानाधारकाकडून इंग्रजी भाषांतर आणि अखेर अबूधाबीतील भारतीय दूतावास किंवा दुबईतील भारतीय वाणिज्य दूतावास यांचे साक्षांकन. तिथे असतानाच दोन-तीन प्रती करून घ्याव्यात. व्हिसा संपून माणूस गावी परतला की हेच काम दुप्पट खर्चाचे होते.

फोटोप्रतीवर विसंबू नये. १९९१ साली वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या खटल्यात पतीने अमेरिकेतील न्यायालयाचा घटस्फोट दाखविला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. परदेशी निकालाची साधी फोटोप्रत पुरावा म्हणून पुरेशी नाही, हेही त्याच निकालातून स्पष्ट झाले.

शिक्के पुरे असले तरी काम संपत नाही, हा या खटल्याचा मोठा धडा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार परदेशी निकाल अधिकार नसलेल्या न्यायालयाने दिला असेल, फसवणुकीने मिळविला असेल, विरुद्ध पक्षाला म्हणणे मांडण्याची संधी न देता झाला असेल, तर तो इथे बंधनकारक नाही. पत्नी गुहागरला, पती दुबईला आणि समन्स तिच्या हाती पोहोचलेच नाही, अशा एकतर्फी निकालावर कितीही शिक्के मारले तरी तो इथल्या न्यायालयात टिकणे कठीण. म्हणून समन्स बजावल्याचा पुरावा निकालासोबत जपून ठेवावा. पत्नीने संमती दिली असेल किंवा स्वतः हजर राहून बाजू मांडली असेल, तर पाया भक्कम होतो.

महर, खावटी यांसारख्या रकमांबाबत एक महत्त्वाची सोय झाली आहे. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भारत सरकारने अमिरातीला कलम ४४-अ खाली मान्यता दिली. त्यामुळे तेथील मान्यताप्राप्त न्यायालयाने ठरविलेल्या रकमेची वसुली प्रमाणित प्रतीच्या आधारे येथील जिल्हा न्यायालयातून मागता येते.

भगिनींसाठी दोन शब्द

मोबाईलवर आलेला एका दमातील तीन तलाकचा संदेश भारतात कायद्याने निरर्थक आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तो गुन्हाही आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. असा संदेश छापून त्यावर नोटरीचा शिक्का घेतल्याने तो घटस्फोटाचा कागद होत नाही. ज्या भगिनीला दुबईची वाट परवडत नाही, तिला १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली आपल्या जिल्ह्यातच दावा करता येतो. तिथे राहणाऱ्या घटस्फोटित भगिनींना व त्यांच्या मुलांना पतीच्या व्हिशाशिवाय एक वर्षापर्यंत राहण्याची मुभा अमिरातीने २०१८ पासून दिली आहे.

एवढे करून ठेवा

निकाहनामा, नोंदणी प्रमाणपत्र आणि पासपोर्ट या तिन्हींत नावाचे स्पेलिंग एकच असावे. एकात 'मोहम्मद' पूर्ण आणि दुसऱ्यात 'मोहद' असे असले, की अरबीत दोन वेगळी माणसे तयार होतात. मूळ कागद एजंटाकडे देताना पावती घ्यावी व प्रत आपल्याजवळ ठेवावी. महरची रक्कम निकाहनाम्यात अक्षरी आणि अंकी लिहून घ्यावी.

निकाहच्या वेळी घटस्फोटाचा विचार कोणी करीत नाही आणि करूही नये. परंतु याच कागदांच्या आधारे पत्नीचा व्हिसा निघतो, मुलांचा जन्मदाखला मिळतो आणि वारसाला हक्क मिळतो. व्यापारात आपण उधारीची नोंद पहिल्याच दिवशी वहीत करतो. तीच शिस्त घरच्या कागदांना लावावी, अशी आमची सर्व बांधवांना आग्रहाची विनंती आहे.